खानदेशचा कापूस आणि सरकारी हुकूम

सरकारने बाजारात किती शिरावे आणि कोठे थांबावे, या प्रश्नाचा खल आपल्याकडे मुंबईच्या सभागृहांत आणि पुण्याच्या व्याख्यानमालांत झाला असा समज रूढ आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था काढली. १९५९ साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केल्यावर राजाजी, मिनू मसानी आणि प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. आणि परवाना-राज्याविरुद्ध जे काही लिहिले-बोलले गेले त्यातील बरेचसे इंग्रजीत, सुशिक्षितांनी सुशिक्षितांसाठी लिहिले. परंतु ज्यांनी या विषयावरचे एक पानही वाचले नव्हते आणि तरीही ज्यांच्या बैलगाडीच्या साट्यापर्यंत, बियाण्याच्या पोत्यापर्यंत आणि घरातील रोख रकमेपर्यंत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येऊन भिडला, अशा माणसांचा मुलूख पाहावयाचा असेल, तर तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काळ्या जमिनीत यावे. खानदेशात सरकार आणि बाजार यांच्या भांडणाचा इतिहास हा मुख्यतः कापसाचा इतिहास आहे.

इंग्रजी अमलापूर्वी हा प्रांत व्यापाराला अपरिचित नव्हता. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असे हे ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे, आणि धरणगावास इंग्रज कंपनीची वखार होती, जी १६७५ साली शिवछत्रपतींच्या फौजेने लुटली. पण माल वाटेने निघाला की प्रत्येक नाक्यावर जकात, प्रत्येक जहागिरीच्या हद्दीवर दस्तक आणि प्रत्येक घाटात रखवाली, अशी ती स्थिती होती. १८१८ साली प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे कारभार सोपविण्यात आला, तेव्हा पेंढाऱ्यांच्या धामधुमीने आणि दुष्काळाने शेकडो गावे ओस पडलेली होती. बंदोबस्त झाला, आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला, आणि १८३८ साली मुंबई इलाख्यातील वाटेवरच्या जकाती उठल्या. व्यापाराच्या स्वातंत्र्याची ही पहिली आणि खरोखरीची देणगी होती, हे परक्या राज्याबद्दल मनात कितीही कटुता असली तरी मान्य केले पाहिजे.

मात्र जकात उठविणारे सरकार महसूल सोडणारे नव्हते. १८५२ साली जमिनीची मोजणी आणि नवी जमाबंदी करण्यासाठी सर्व्हे खात्याचे अधिकारी तापीच्या उत्तरेकडील सुपीक पट्ट्यात उतरले, त्या वेळी सावदा, फैजपूर, यावल या भागांतील रयतेने त्यांस उघड विरोध केला. साखळी आणि दुर्बीण शेतात आली की धारा वाढणार, ही तिची खात्री होती. शेवटी भिल्ल पलटण आणून धरपकड करावी लागली. ज्या फैजपुरात पुढे १९३६ साली काँग्रेसचे ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर ठराव झाले, त्याच परिसराने ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वी सरकारी मोजदादीला अशी टक्कर दिली होती, ही गोष्ट अधिवेशनाच्या वर्णनांत सहसा सांगितली जात नाही.

त्यानंतर दशकभरात सगळेच बदलले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात खंडीचा भाव कैक पटींनी चढला. नेमक्या याच सुमारास रेल्वेचे रूळ थळ घाट ओलांडून चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आले. लमाणांच्या तांड्यांनी आणि गाड्यांनी महिना-दीड महिना चालणारी वाहतूक काही दिवसांवर आली, आणि जळगाव हे मध्यम वस्तीचे गाव बघता बघता पेठेचे शहर बनले. तेथील पोलन पेठेला एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले ते याच भरभराटीच्या ओघात. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या अशी कथा कापसाच्या प्रत्येक मुलखात सांगतात, तशी ती येथेही सांगितली जाई. ती खरी असो वा नसो, १८६५ नंतर भाव कोसळले तेव्हा धावा होत्या त्याही राहिल्या नाहीत, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले सावकारी कर्ज मात्र राहिले.

सरकारने कापसाच्या व्यापारात प्रत्यक्ष हात घातला तो या तेजीतच. गाठीत माती, सरकी, पाणी आणि जुना कापूस मिसळतात अशी तक्रार लिव्हरपूलचे व्यापारी वर्षानुवर्षे करीत होते, आणि तक्रार खोटी नव्हती. म्हणून १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला, निरीक्षक नेमले, दाबखान्यांना परवाने सक्तीचे केले, आणि या सगळ्या खात्याचा खर्च कापसावरच कर बसवून काढला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हाकाटी केली की माल पारखून घेणे हे घेणाऱ्याचे काम आहे. ज्याला भेसळीची गाठ नको असेल त्याने ती कमी भावाने घ्यावी, निरीक्षकाच्या शिक्क्याने शुद्ध होणारा कापूस जगात नाही. हा कायदा सुमारे दोन दशके चालला आणि मग रद्द झाला. गुणवत्तेच्या रक्षणासाठी नेमलेला कारकून, त्याच्या पगारासाठी मालावर पट्टी, आणि पट्टी शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा: हा क्रम शंभर वर्षांनी पुन्हा याच मुलखात याहून मोठ्या प्रमाणावर घडावयाचा होता.

परंतु परवान्यापेक्षाही बियाण्याची कथा मला अधिक बोलकी वाटते. लँकेशायरला लांब धागा हवा होता, आणि खानदेशचा गावठी कापूस आखूड धाग्याचा. तेव्हा कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांच्या अमदानीत हिंगणघाटचे बियाणे आणून वाटण्यात आले; पुढे शेतकी खाते निघाले, मुंबईत मध्यवर्ती कापूस समिती बसली, १९२३ साली हलक्या प्रतीचा कापूस एका भागातून दुसऱ्यात रेल्वेने नेण्यावर बंधने घालणारा कायदा झाला, आणि सर्वांचा उपदेश एकच होता की शेतकऱ्याने उत्तम वाण लावावा. शेतकरी तो उपदेश ऐके आणि घरी येऊन पांढऱ्या फुलांचा, आखूड धाग्याचा, खात्याच्या लेखी हलका असा रोझियम पेरी. हा अडाणीपणा आहे असे अहवालांतून वारंवार सूचित केले गेले. वास्तविक तो हिशेब होता, आणि बिनचूक हिशेब होता. रोझियमच्या कापसातून रुईचा उतारा अधिक पडे, तो पावसाची ओढ सोशी, बोंडे लवकर फुटत, आणि मुंबईच्या जाड सुताच्या गिरण्या व जपानी खरेदीदार तो हातोहात उचलीत. लांब धाग्याचा भाव जेवढा अधिक, त्याहून उताऱ्यातली घट अधिक, हे गणित जिनावरच्या तराजूशी उभा असलेला शेतकरी तोंडी करू शकत होता आणि मुंबईत बसलेली समिती करू शकत नव्हती, कारण धाग्याच्या लांबीशी तिचा संबंध होता, एकरी मिळणाऱ्या रुपयांशी नव्हता. कोणते ज्ञान कोणापाशी असते, आणि म्हणून निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नावर युरोपात विसाव्या शतकात हायेकसारख्या पंडितांनी जे युक्तिवाद केले त्यांचे प्रत्यक्ष उदाहरण येथे पारोळा-एरंडोलच्या शिवारात दरसाल उभे राहत होते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की जळगावच्या संशोधन केंद्राने पुढे शेतकऱ्याचा हा हिशेब ओळखून जरीला, विरनार असे वाण काढले, तेव्हा ते वाण कोणाच्या हुकुमाशिवाय पसरले.

आता एक प्रश्न उभा राहतो. व्यापाराचे स्वातंत्र्य ही गोष्ट शेतकऱ्याच्या इतकी हिताची होती, तर मराठी विचारवंतांनी तिच्याकडे संशयाने का पाहिले? लोकहितवादींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून इंग्रजी अर्थशास्त्र मराठीत आणले होते. पण १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्या शास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे बजावले. कारण उघड होते. ज्या इंग्रज सरकारने खुल्या व्यापाराचे नाव घेऊन १८८२ साली विलायती कापडावरील जकात काढली, त्याच सरकारने महसुलाच्या गरजेपोटी १८९४ साली विलायती कापडावर पुन्हा जकात बसवावी लागल्यावर १८९६ साली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लादली, ती केवळ लँकेशायरला स्पर्धा जड जाऊ नये म्हणून, आणि ती १९२५ पर्यंत चालू ठेवली. जळगावची मुळजी जेठा यांची खानदेश मिल आणि नंतर निघालेली अमळनेरची प्रताप मिल, या दोहोंच्या मागावरच्या कापडाने हा कर भरला. शेताच्या बांधाशी निघालेल्या कापसाचे शेजारच्या गावी कापड केले तर कर, आणि तोच कापूस सात समुद्रांपलीकडे जाऊन कापड होऊन आला तर बरोबरीची सवलत! याला खुला व्यापार म्हणणारे सरकार पाहिल्यावर त्या शब्दावरच लोकांचा विश्वास उडाला, आणि स्वराज्य आले तेव्हा संरक्षण, नियंत्रण आणि नियोजन हेच देशभक्तीचे अर्थशास्त्र ठरले, यात नवल ते काय?

घरचा बाजारही फारसा निर्मळ नव्हता, हे लपविण्यात अर्थ नाही. धुळे, अमळनेर, जळगाव येथील कापसाच्या पेठेत गाडी उभी राहिली की अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी चार पावलांवर उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. भाव फुटल्यावर वजनात कडता, पैशात वटाव, वर हमाली, तोलाई, धर्मादाय, गोशाळा, आणि रोख हवी असेल तर त्याचा वेगळा कट. बहुतेक वेळा अडत्याचेच कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर असल्याने दुसऱ्याकडे गाडी वळविणे त्याला शक्य नसे. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने यांतील पुष्कळ चाली मोडल्या. उघड लिलाव, परवानाधारक तोलाईदार आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेली समिती ही व्यवस्था आली, आणि धुळ्याचा बाजार या कायद्याखाली आलेल्या पहिल्या बाजारांपैकी होता. सरकारने केलेले हे काम चांगले होते असे माझे मत आहे. तराजू खरा असावा, सौदा उघड असावा, दिलेला शब्द कोर्टात वसूल व्हावा, एवढे पाहणारे सरकार हे बाजाराचे शत्रू नसते. दुर्दैवाने १९३९ आणि १९६३ च्या कायद्यांनंतर हीच समिती तराजू तपासण्यावर थांबली नाही. तिच्या आवाराबाहेर सौदा करणे हाच गुन्हा ठरला, आणि ज्या अडत्यांना वेसण घालण्यासाठी ती निघाली त्यांच्याच परवान्याचे मोल तिने वाढविले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती सर्व महाराष्ट्राची आहेत. ज्वारीची लेव्ही आली, जिल्हाबंदी आली, आणि नातेवाइकाकडे पोतेभर धान्य नेणाऱ्याला नाक्यावर चोरासारखे उभे राहावे लागले. १९६६ साली कापसाचे वायदे बंद झाले. सट्टा बुडाला म्हणून सज्जनांनी समाधान मानले, पण पेरणीच्या वेळी पुढचा भाव काय राहील याचा अंदाज देणारी एकमेव खिडकीही त्याबरोबर मिटली. जळगावच्या सराफ्याने तर याहून कडू घोट घेतला होता. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसायांच्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटांहून शुद्ध दागिना घडविण्यास बंदी केली, आणि बावनकशी सोन्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या या शहरातील सोनारांच्या बागेसऱ्या आणि फुंकण्या थंड पडल्या. शुद्धतेची अट १९६६ मध्ये गेली, नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला, आणि या अवधीत सोन्याची हाव कमी झाली असे कोणीही म्हणू शकणार नाही.

मग आली कापूस एकाधिकार खरेदी. वसंतराव नाईक मुख्यमंत्री आणि यशवंतराव मोहिते सहकारमंत्री असताना १९७१ चा कायदा झाला व १९७२ च्या हंगामापासून योजना सुरू झाली. हेतू उदात्त होता: व्यापारी आणि दलाल यांना मधून काढावे, शेतकऱ्याचा सर्व कापूस सरकारने पणन महासंघामार्फत घ्यावा, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकाव्या, आणि हमीभावावर जो नफा राहील तो अंतिम भाव म्हणून शेतकऱ्यालाच द्यावा. खासगी खरेदी बंद. महाराष्ट्रातील कापूस महाराष्ट्र सरकारखेरीज अन्य कोणास विकणे हा अपराध झाला.

केंद्रावरचे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येणार नाही. पाचोरा, चोपडा, शिरपूर, कोठेही जा. जिनाच्या फाटकापासून रस्त्याने मैलभर गाड्यांची रांग, बैल सोडून जुवाशी बांधलेले, कापसावर घोंगडे टाकून मालक वर झोपलेला, आणि दोन-तीन रात्री गेल्यावर नंबर आला तर ग्रेडर रजेवर. ग्रेडरने मूठभर कापूस उचलावा, कवडी दिसते, ओल आहे, असे म्हणून प्रत उतरवावी. शेतकऱ्याने हात जोडावे, अथवा अन्य मार्गाने हात ओला करावा. पैसे हप्त्याहप्त्याने. खानदेशात त्यांना चुकारे म्हणतात, आणि चुकारे थकले हे वाक्य त्या काळी येथे पावसाच्या चौकशीइतके नित्याचे झाले होते. मिळालेल्या रकमेतून भांडवल निधी कापलेला, सोसायटीचे कर्ज वळते केलेले. उरलेल्या चिठ्ठीवर सावकाराकडून पुन्हा उसने. मधला दलाल गेला, आणि ती जागा रांगेत नंबर पुढे सरकविणाऱ्याने घेतली.

त्यातून खानदेश हा सीमेवरचा मुलूख. उत्तरेस सातपुडा ओलांडला की सेंधवा, पूर्वेस रावेरपुढे बऱ्हाणपूर, पश्चिमेस नवापूर सोडले की गुजरात. बाहेर भाव चढला की रात्रीच्या ट्रकांनी येथला कापूस हद्दीपार जाई, आणि बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस येथल्या शेतकऱ्यांच्या सातबारावर चढून सरकारी काट्यावर येई. अर्थात चढत्या बाजारात योजनेला माल मिळत नसे आणि पडत्या बाजारात मालाचा महापूर येई. नफ्याची वर्षे हातची जात आणि तोट्याची पदरात पडत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही योजना तोट्यात रुतली ती याच रचनेमुळे. महासंघातील अपहार हे त्याचे एकच कारण सांगणारे लोक योजनेचा मूळ दोष झाकतात, कारण सर्व अधिकारी धर्मराज असते तरी सेंधव्याचा भाव त्यांना थोपविता आला नसता.

या काळात शेतकऱ्यांच्या बाजूने जो माणूस उभा राहिला त्याची जडणघडण विलक्षण होती. शरद जोशी हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील जागतिक टपाल संघात नोकरीस; ती सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली, आणि १९७९ पासून शेतकरी संघटना उभी केली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा कांदा-उसाच्या आंदोलनातून खानदेश-विदर्भाच्या कापसापर्यंत पोचली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला सवलती दिल्या तेव्हा संघटनेने ‘राजीव वस्त्रां’च्या होळ्या पेटविल्या, १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात हिंगोलीजवळ सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळ्यांनी तीन शेतकरी पडले. सरकारी धोरणे शेतमालाचा भाव मुद्दाम पाडतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. यातूनच पुढे, अन्य शेतकरी नेते जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला शिव्या देत असताना, त्यांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला.

तथापि १९८० च्या दशकातील लढा एकाधिकार मोडण्यासाठी नव्हता. सरकारने अधिक भाव द्यावा यासाठी होता. खासगी व्यापाऱ्याच्या रुमालाची आठवण ताजी होती, आणि अंतिम भावाचे पैसे ज्या वर्षी चांगले मिळत त्या वर्षी योजना प्रिय असे. शेतकऱ्याला सिद्धान्ताचे वेड नव्हते. ज्या दारी भाव अधिक त्या दारी जाण्याची मोकळीक त्याला हवी होती. मतपेटीत स्वतंत्र भारत पक्षाला जे अपयश आले त्याचे कारण मला येथेच दिसते. आणि जळगावचा व्यापारी? ज्याला या विचाराचा वकील व्हावयाचे तो प्रत्येक नियंत्रणाविरुद्ध खासगीत कुरकुरला आणि जाहीरपणे परवान्याच्या रांगेत पुढे उभा राहिला.

२००२ साली खासगी खरेदी खुली झाली आणि तीस वर्षांची मक्तेदारी संपली. त्याच वर्षी बीटी कापसाला मान्यता मिळाली, आणि बियाण्याच्या निवडीचा जुना झगडा नव्या रूपात उभा राहिला. आज धरणगाव-बोदवडकडे गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर व्यापारी काटापूजन करून नवा कापूस घेतात. भाव पडला तर केंद्रीय कापूस निगमची केंद्रे उघडा म्हणून मोर्चे निघतात. आणि भाव चढला तर २०१२ च्या मार्चमध्ये झाली तशी निर्यातबंदी एका रात्रीत येऊ शकते. मी हे दीपनगरात लिहितो आहे. ज्या औष्णिक केंद्रामुळे ही वसाहत वसली ते सरकारी मंडळाने उभारले, आणि त्याच्या विजेवर खानदेशातल्या केळीच्या बागा भिजल्या, तेव्हा सरकारने काहीच करू नये असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. परंतु विजेचे केंद्र उभारणे ही एक गोष्ट आणि पिकविलेला माल कोणाला विकावा हे पिकविणाऱ्याला सांगणे ही दुसरी. आणि या दुसऱ्या बाबतीत शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्रज कलेक्टर, मुंबईची समिती आणि आपले सहकारमंत्री यांपैकी कोणाचाही अंदाज शेतकऱ्याच्या अंदाजाहून सरस ठरल्याचे दिसत नाही.

हा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही, कारण त्याची साधने बहुतांशी सरकारी दप्तरांतील आहेत आणि दप्तर हुकूम काढणाऱ्याची बाजू सांगते. दुसरी बाजू जुन्या जिनांच्या किर्द-खतावण्यांत, अडत्यांच्या पट्ट्यांत, एकाधिकार केंद्रांच्या पावत्यांत आणि न मिळालेल्या चुकाऱ्यांच्या अर्जांत आहे. जिने पाडून त्या जागी इमारती उठत आहेत आणि ही कागदपत्रे रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते फेकू नये. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथे नेऊन द्यावे.